कोमटूरचं रक्त, दोन्हीकडून

माझ्या बायकोची आजी माणसाकडे बघायची ती पायापासून. आधी घोटे, मग गुडघे, मग छाती आणि सगळ्यात शेवटी तोंड. तोंडापर्यंत पोचायच्या आत तिचं मत झालेलं असायचं. मिन्ना गुडाट तिचं नाव. मी तिच्या नातीला, रोस्विथाला, मागणी घालायला गेलो तेव्हा तिनं मला स्वयंपाकघराच्या दारातच अडवलं आणि बूट काढायला लावले. मला वाटलं, फरशी नुकतीच पुसली असेल. फरशी कसली!

"जरा भिंतीपर्यंत चालून दाखव," ती म्हणाली.

मी चाललो. लग्न ठरायच्या आधी माणूस काय वाट्टेल ते करतो.

"मागून जड आहे," ती नातीला म्हणाली, जणू मी तिथे नव्हतोच. "मान आखूड. ओढायला बरा. पळायच्या कामाचा नाही."

"ओमा, तो माणूस आहे," रोस्विथा आजीला म्हणाली.

"मग? माणसाला आई-बाप नसतात? याच्या आजोबांना मी ओळखते. खाण तशी माती."

आमच्या घराण्याची खाण तिला चांगलीच ठाऊक होती, हे मला कबूल करायला हवं. पंचेचाळीस साली रशियन फौजांपुढे पळत पूर्व प्रशियातली माणसं इकडे उत्तर जर्मनीत, होल्श्टाइनला आली आणि गावोगावच्या शेतकऱ्यांकडे वाटून दिली गेली. मिन्ना माझ्या आजोबांच्या वाट्याला आली. नवरा लढाईत गेलेला, मुलगा कुठल्या तरी छावणीत कैदेत, आणि हातात एका गाभण घोडीचा लगाम. आजोबा म्हणाले, "माणसं ठेवून घ्यायचा हुकूम आहे. घोडी ठेवायचा नाही." मग ती लाकडं ठेवायच्या पडवीत घोडीला चिकटून झोपली. थंडी सरेपर्यंत तशीच. आमची आजी तिला डुकरांच्या बटाट्यातले बटाटे द्यायची, तेही मोजून. पाहुणचाराच्या नावाखाली आमच्या घरानं असे दिवे लावले. त्यामुळे पुढे मिन्नानं मला आयुष्यभर "गवळी" म्हणून हाक मारली, तेव्हा मी फारसं मनावर घेतलं नाही. निदान सुरुवातीला तरी.

ती घोडी म्हणजे कामिला. गोठलेल्या खाडीवरून येताना बर्फ फुटलं आणि त्यांची गाडी खाली गेली. गाडीत मिन्नाची सासू होती. मिन्नानं सुरी काढून घोडीचे पट्टे कापले. सासू गेली, घोडी वाचली. ही हकिकत ती याच क्रमानं सांगायची आणि तिचा आवाज ओला व्हायचा तो घोडीपाशी आल्यावर.

त्या कामिलाला पुढे इथे, आमच्याच तालुक्यात, कोमटूर झाला. तिकडच्या घोडेवाल्यांत शिंगराचं नाव आईच्या आद्याक्षरावरून ठेवायची रीत आहे, म्हणून कामिलाची सगळी पिलावळ 'क'ची. कोमटूर मी लहानपणी पाहिलाय. मी गाईंमध्ये वाढलेला माणूस, पण तो घोडा नुसता पाणी प्यायला निघाला तरी लोक बोलायचे थांबायचे. न्यूम्युन्स्टरला शरदात तरुण घोड्यांची निवड असते. तिथे पसंत पडला तर घोडा वंश चालवतो, नाही तर त्याचं दुसऱ्याच दिवशी खच्चीकरण होतं. कोमटूर तिथे पहिला आला आणि तिकडून आलेल्या घोडेवाल्यांच्या संघानं तो आपल्या पागेसाठी विकत घेतला.

आता, तिकडे हजारोंनी असलेल्या त्या घोड्यांपैकी इकडे आली ती मूठभर. मुलूख गेला, घरं गेली, थडगी गेली. उरलं ते रक्त, आणि त्या रक्तातलं सगळ्यात चांगलं कोमटूरचं. मग सगळे आपापल्या घोड्या घेऊन त्याच्याकडे धावले. पुढे त्याच्या नातींना त्याच्याच मुलांकडे न्यायला लागले. दूध पातळ झालं की वरून साय घालावी, तसं. कोमटूर आईकडूनही हवा आणि बापाकडूनही. वंशावळीच्या कागदावर त्याचं नाव दोनदा दिसलं की त्या लोकांच्या चेहऱ्यावर जे समाधान यायचं, ते मी त्यांच्या चर्चमध्येही कधी पाहिलं नाही.

आणि मिन्ना गुडाट म्हणजे कोमटूरच्या आईची मालकीण. लाकडाच्या पडवीत झोपलेली बाई आता कोमटूरच्या पैशांतून स्वतःची पागा बांधून होती; ती न्यूम्युन्स्टरला पहिल्या रांगेत बसायची आणि मोठमोठे जमीनदार टोपी काढून तिच्यापुढे वाकायचे. दर रविवारी प्रार्थनेनंतर तिच्या स्वयंपाकघरात दरबार भरायचा. केक, कॉफी आणि मधाची दारू. लोक विचारायचे, आमची घोडी अशी अशी, कुठे नेऊ? मिन्ना डोळे मिटायची, जणू दोन्हीकडचे पूर्वज तिच्यासमोरून चालत जातायत. मग म्हणायची, "कोमटूर एकदा आला तर पाहुणा. दोनदा आला तर घरचा." सगळे माना डोलवायचे.

रोस्विथा या बाईच्या हाताखाली वाढली. आई तिच्या जन्माच्या वेळीच गेली. बाप, म्हणजे मिन्नाचा मुलगा, छावणीतून सुटून आला होता. पोर तीन वर्षांची असताना तो कॅनडाला निघून गेला. का गेला, हे त्या घरात विचारायचं नसे. "हाताचा धड नव्हता," एवढंच मिन्ना सांगायची.

पोरीला तिनं उपाशी ठेवलं नाही, मारलंही नाही. तेवढं कशाला? रोस्विथा दहा वर्षांची असताना एक शिंगरू वाकड्या जबड्याचं जन्मलं. त्याला आईचं दूध ओढता येईना. रोस्विथानं त्याला बाटलीनं वाढवलं, त्याच्याजवळ गवतात झोपली. महिन्याभरानं ती शाळेतून आली तर पागेतला त्याचा खण रिकामा. जेवताना मिन्ना म्हणाली, "कसायाकडे दिलं. चुकीवर दूध घालत बसायचं नसतं. आणि तोंड पाडू नकोस, तुझ्याही बापाचा जबडा फार काही सरळ नव्हता." रोस्विथानं हे मला हसत सांगितलं होतं. त्या हसण्याचा मला राग यायचा. पण ती त्या म्हातारीच्या एका शब्दासाठी झुरत होती. "बरं केलंस पोरी," एवढाच शब्द. आमचं लग्न झालं, आम्ही मिन्नाच्याच आवाराच्या टोकाला घर केलं, मी सकाळ-संध्याकाळ बापाच्या गोठ्यावर जायचो, आणि ती दिवसभर त्या पागेत राबायची. तो शब्द काही येत नव्हता.

कामिलाच्या थेट वंशातली शेवटची घोडी होती कोराले. कोमटूरची नात. ती मिन्नानं लग्नात रोस्विथाला दिली होती. दिली म्हणजे, तोंडानं दिली. ती कुठे न्यायची हे ठरवणार मिन्नाच. रोस्विथाच्या मनात तिला प्लोनपलीकडच्या एका इंग्रजी घोड्याकडे न्यायचं होतं. नवं रक्त, कोरडे म्हणजे सडसडीत पाय. तिनं वर्षभर विचार केला होता.

त्याच सुमारास एका रविवारी शामाइटाट बोलला. तोही तिकडून आलेला, एका घोडीचा मालक, बुजरा माणूस. कॉफीचा कप हातात फिरवत म्हणाला, "फ्राउ गुडाट, आमचं शिंगरू गेलं. त्याची कातडी... म्हणजे हात लावला की सुटून येत होती. ओल्या कागदासारखी. दोन्हीकडून कोमटूर होता. माझ्या मेव्हण्याकडेही असंच एक—"

"तुझ्या कुरणात काय उगवतं ते आधी बघ," मिन्ना म्हणाली.

"कुरण तेच आहे, फ्राउ गुडाट. मला आपलं वाटलं की—"

"तुला वाटलं? तुझा बाप टिल्सिटला पत्रं वाटायचा. घोडी तुमच्या घरात पहिल्यांदा आली ती चित्रात. आणि तुला कोमटूरबद्दल वाटायला लागलं?"

सगळे हसले. शामाइटाटही हसला, आपल्यावर हसणाऱ्यांत हसावं लागतं तसा. पुढच्या रविवारी तो आला नाही, त्यानंतर कधीच नाही. पण मी मिन्नाकडे बघत होतो. लोक हसत असताना ती हसत नव्हती. ती एकेकाचं तोंड बघत होती, कोण कमी हसतंय ते.

लोक गेल्यावर तिनं रोस्विथाला भांडी तशीच ठेवायला सांगितली.

"कोराले हेरोल्डकडे जाईल," ती म्हणाली. हेरोल्ड म्हणजे कोमटूरचा शेवटचा मुलगा, संघाच्या पागेतला.

"ओमा, मी इंग्रजी घोड्याचं ठरवलंय. आणि शामाइटाट म्हणत होता—"

"शामाइटाट पोस्टमनचा पोरगा. कुजबुज सुरू झालीय. आज एक बोलला, उद्या दहा बोलतील. मग मिन्ना गुडाट स्वतःच्या घरात काय करते, ते बघू देत त्यांना."

"पण माझी घोडी—"

"तुझी?" म्हातारी तिच्या पायांकडे बघत म्हणाली. "दोन्हीकडून कोमटूर असलेलं एक चांगलं शिंगरू काढून दाखव, पागा तुझ्या नावावर करते. सगळी. नाही तर सगळ्या घोड्या संघाला देऊन टाकेन. मुलाला नाही ठेवली, तुला कशासाठी ठेवू?"

त्या रात्री रोस्विथा मला म्हणाली, "ती मला पागा देतेय, डेटलेफ." दुसरं काही तिला ऐकूच आलं नव्हतं. मी म्हटलं, आमच्या गाईंतही इतक्या जवळचा वळू आम्ही घालत नाही. ती म्हणाली, "गाईंचं वेगळं असतं." वाक्य तिचं होतं, पण सूर म्हातारीचा.

कोराले पुढच्या वसंतात व्याली. घोड्या रात्रीच्या आडोशाला वितात, पण ही चांगलं उजाडेपर्यंत थांबली. मी गोठ्यावरून दूध काढून परत येत होतो, तर रोस्विथा दारात उभी राहून हाका मारतेय. पुढचे दोन पाय बाहेर आले होते आणि पुढे काही सरकत नव्हतं. घोडी कळा देऊन देऊन थकली होती. मी गाडीतून दोर आणला. मऊ, सुती दोर, आमच्या गोठ्यात वासरं ओढतात तो. त्यांच्यात शिंगराला कधी दोर लावत नाहीत, हे मला माहीत होतं. पण रोस्विथा म्हणाली, "लाव." मी दोर घोट्यांच्या वर बांधला आणि आम्ही दोघांनी कळेबरोबर हळूच ओढलं. तेवढ्यात मिन्ना आली. तिनं दोर पाहिला. खणाच्या कोपऱ्यात उभी राहिली. तिनं त्या दोराला हरकत कशी घेतली नाही, हे मला फार नंतर आठवलं.

शिंगरू बाहेर आलं आणि दोराखालची कातडी मोज्यासारखी खाली उतरली. रोस्विथानं त्याला पोटाखालून धरलं तर तिथलीही सुटली. ते जिवंत होतं. मान वर करत होतं. त्याची मान सुंदर होती, कोमटूरची. आईला हाक मारल्यासारखा एक बारीक आवाज त्यानं केला आणि पाय गोळा करून उठायला लागलं, सगळीच नवी शिंगरं लागतात तसं, आणि जिथे जिथे पेंढा लागला तिथे तिथे ते फाटत गेलं.

"डॉक्टरांना बोलवतो," मी म्हटलं.

"डॉक्टर नको," मिन्ना म्हणाली. "डॉक्टरला तोंड असतं."

तिनं कमरेचा एप्रन सोडला, त्याची घडी केली, शिंगराच्या डोक्याशी बसली आणि त्याच्या नाकपुड्यांवर दाबून धरला. बराच वेळ लागला. कोराले डोकं वळवून बघत होती आणि रोस्विथा तिच्या गळ्यात पडून रडत होती.

संपल्यावर म्हातारी गुडघे झाडत उठली. नातीला जवळ घेईल असं मला वाटलं. मी किती मूर्ख होतो ते बघा.

"कुणी बांधला तो दोर?" तिनं विचारलं.

पुढच्या रविवारी टेबलाभोवती सगळे जमले होते. मिन्नानं केक कापता कापता सांगितलं. "शिंगरू काय देखणं होतं! पण आमचा जावई गवळी. वासरू ओढावं तसं ओढलं त्यानं. कातडी उतरली बिचाऱ्याची." मग माझ्याकडे बघून, अगदी मायेनं म्हणाली, "त्याचा काय दोष? ज्याला जे येतं ते तो करतो."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. तिरस्कारानं पाहिलं असतं तर मी उठून भांडलो असतो. त्यांनी कणवेनं पाहिलं. आणि मग एकेकाचे खांदे सैल झाले. त्यांच्याही घरी अशी शिंगरं झाली असणार. त्यांनाही आता कारण मिळालं. कुणाचा तरी घाईचा हात, कुणाचा तरी दोर. कोमटूर स्वच्छ सुटला.

मी घरी येऊन म्हटलं, "तूही ओढत होतीस, रोस्विथा. दोराबाहेरची कातडीही गेली. पोटाला कुठे दोर होता?"

"तू नसता आणलास तर कदाचित..." ती म्हणाली. एवढंच. मग तिनं आपलं अंथरूण खिडकीखालच्या बाकावर घातलं.

बोलून बोलून माणसाला काहीही पटवता येतं. मलाही पटत गेलं. रात्री झोपेत माझ्या हातांना ती कातडी सुटताना जाणवायची. दोर मी चुलीत घातला. गोठ्यात वासरू अडलं तरी मी बापाला हाक मारायचो, स्वतः हात लावायचो नाही. बाप म्हणायचा, "बायकांनी तुझं शेण केलं रे." रोस्विथा माझ्याशी भांडायची नाही, तेच वाईट होतं. ती पागेत जाताना दार हळू लावायची, आजाऱ्याच्या खोलीचं लावतात तसं. आणि मिन्ना? मिन्ना मला रस्त्यात भेटली की विचारायची, "काय गवळी, हात कसे आहेत?"

त्याच उन्हाळ्यात कोराले पुन्हा हेरोल्डकडे गेली. "तुझे हात स्वच्छ आहेत हे दिसू दे लोकांना," म्हातारी नातीला म्हणाली. "आणि या खेपेला गवळी अंगणातही नको."

दुसऱ्या वसंतात मी अंगणात नव्हतो. कुंपणाबाहेर होतो, खणाच्या छोट्या खिडकीसमोर. दुपारची वेळ होती, आत सगळं दिसत होतं. मिन्ना स्टुलावर बसली होती. रोस्विथा भिंतीला टेकून उभी होती आणि तिनं दोन्ही हात पाठीमागे धरले होते, एकात एक घट्ट. तिनं कशालाच हात लावला नाही. यंदा काही अडलंही नाही. पायांमागून डोकं, डोक्यामागून खांदे, आणि शिंगरू आपलं आपण जाड पेंढ्यावर उतरलं. मोठी, काळी शिंगरी होती. मी कुंपणाबाहेर देवाचं नाव घेतलं.

मग कोराले उठली, वळली आणि आपल्या लेकराला चाटायला लागली. मान चाटली. आणि जिथून तिची जीभ गेली तिथून कातडी गेली.

रोस्विथा ओरडली नाही. मीच ओरडलो. मी कुंपणावरून उडी टाकून आत गेलो तेव्हा मिन्ना एप्रन सोडत होती. घोडी आपली चाटतच होती. थांबवलं तरी थांबत नव्हती. मी तिला ओढून बाहेर नेलं. परत आलो तेव्हा झालं होतं.

"कुणी हात लावला?" मी म्हातारीला विचारलं. "सांगा ना आता. कुणाचा दोर?"

तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही. ती नातीशी बोलत होती, आवाजात राग नाही, लोभ नाही. कणीक कशी मळायची ते सांगावं तशी. "त्रेपन्न साली असंच झालं होतं. कामिलाच्या थोरल्या लेकीवर मी कोमटूर घातला होता, तिचाच भाऊ. म्हटलं, साय सायीत घालावी. ते बीटाच्या वाफ्यात पुरलंय."

दर शनिवारी त्या घरात बीटाचं सार व्हायचं. आम्ही सगळ्यांनी ते वर्षानुवर्षं खाल्लं होतं. बीट तिथले खरंच गोड निघायचे.

"म्हणजे तुला माहीत होतं," रोस्विथा म्हणाली. "तेव्हापासून. लोक दर रविवारी विचारायला येत होते..."

"चारातली तीन चांगली निघतात. नुसती चांगली नाही, तशी दुसरी कुठे निघत नाहीत. एका मेलेल्यापायी तीन जिवंत पुरायचे? हे बाहेर पडलं तर कोमटूरच्या मुलांना कोण घोडी दाखवेल? आणि ते गेले तर आपल्याकडे राहिलं काय? तिकडचं काय उरलंय आपल्याजवळ?"

"असे किती झाले, ओमा?"

"मोजले नाहीत. असे मोजायचे नसतात."

"आणि डेटलेफ? त्याचा दोर?"

"कुणाचा तरी हात लागतोच," मिन्ना म्हणाली. "त्रेपन्न साली तुझ्या बापाचा लागला. तोही नीटच ओढत होता. मी लोकांना सांगितलं, छावणीतून आलाय, हात थरथरतात. तो शहाणा, त्यालाही पटलं. म्हणून तर गेला."

रोस्विथा खाली बसली, त्या पेंढ्यातच. तिचा बाप दरवर्षी नाताळात एक कार्ड पाठवायचा आणि त्यात कधी काही लिहिलेलं नसायचं.

म्हातारीनं एप्रनची घडी घातली. "आता तुला सगळं माहीत आहे," ती म्हणाली. "ज्याला माहीत असतं त्यालाच पागा देता येते. बाकीचे नुसते घोड्यांवर प्रेम करतात. झाकली मूठ सव्वा लाखाची, पोरी. उद्यापासून ती मूठ तुझी." आणि जाता जाता तिनं रोस्विथाच्या केसांतली पेंढ्याची काडी काढली. मी त्या बाईला नातीच्या डोक्याला हात लावताना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

त्या रात्री रोस्विथा बाकावर झोपली नाही. माझ्या कुशीत येऊन इतकी रडली की माझी बंडी भिजली. माझी माफी मागितली. बापाला पत्र लिहिणार म्हणाली. "रविवारी सगळ्यांसमोर सांगते," म्हणाली. "शामाइटाटलाही बोलावते." मी आठवडाभर हवेत चालत होतो. गोठ्यात एक वासरू अडलं होतं ते मी स्वतः ओढून काढलं. चांगलं धडधाकट वासरू. बाप म्हणाला, "आलास का माणसात?"

रविवारी मी मुद्दाम लवकर गेलो. शामाइटाट आला नव्हता. मी विचारलं तेव्हा रोस्विथा म्हणाली, निरोप पोचला नसेल. टेबलाच्या टोकाला मिन्नाच्या खुर्चीशेजारी दुसरी खुर्ची होती आणि तीत रोस्विथा बसली होती. इतकी वर्षं ती कॉफी ओतायला उभी असायची; आज दुसऱ्याच कुणाची मुलगी ओतत होती. ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला की वाण नाही पण गुण लागतो म्हणतात. इथे तर वाणही तेच होतं. पण हे मी आत्ता म्हणतोय. तेव्हा मला वाटलं, बोलायला सोपं जावं म्हणून बसलीय.

लेंगनिक नावाचं एक तरुण जोडपं पहिल्यांदाच आलं होतं. दोघांचेही आई-बाप तिकडचे. एकच घोडी, नुकतीच घेतलेली, कोमटूरची नात. बाई पोटुशी होती आणि तिचे गाल कॉफीनं लाल झाले होते.

"फ्राउ गुडाट," ती म्हणाली, "आम्ही आमची घोडी हेरोल्डकडे न्यावी का? आम्हाला कोमटूर फार हवाय. पण लोक काही काही बोलतात..."

"मला काय विचारता?" मिन्ना म्हणाली. "पागा आता हिची आहे. माझ्या पोरीला विचारा."

माझी पोर. सगळ्या टेबलानं ऐकलं. रोस्विथाच्या मानेपासून कानापर्यंत रक्त चढलं. तिनं आधी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, की बोल. मग तिनं त्या बाईकडे पाहिलं. आणि मला दिसलं की तिची नजर बाईच्या घोट्यांपासून वर सरकतेय.

"न्या," ती म्हणाली. "बिनधास्त न्या."

"पण तुमच्याकडे गेल्या वर्षी शिंगरू..."

"ते माझ्या नवऱ्याच्या दोरानं," रोस्विथा म्हणाली. "त्यांच्याकडे वासरं ओढायची सवय ना. यंदाचं दिवस भरायच्या आधीच पडलं, ते कुठल्याही घोडीचं पडतं. कोमटूरचा काही संबंध नाही."

सगळे पुन्हा माझ्याकडे वळले, त्याच कणवेनं. मिन्नानं मान डोलवली आणि डोळे मिटून घेतले. मी तोंड उघडलं. पण गवळ्याचं कोण ऐकणार, आणि माझ्याच घरानं माझ्याविरुद्ध साक्ष दिली होती. मी पुढ्यातला कप उचलला.

लेंगनिकबाईचे डोळे भरून आले होते. ती नवऱ्याला म्हणाली, "बघ, मी म्हणत नव्हते?" मग तिनं केकच्या ताटावरून दोन्ही हात पुढे केले, माझ्या बायकोचे हात घट्ट धरले आणि पुन्हा पुन्हा तिचे आभार मानले.